मांडेवाली धनुबाई आणि पांढरी गोळी

पिंपळवदला कोणाकडे साखरपुडा ठरला की सोनाराच्या आधी धनुबाईला निरोप जायचा. तारीख तिला विचारून धरायची, असं गमतीनं म्हणत. पण ती गंमत अर्धीच होती. तळोदा तालुक्याच्या त्या सपाटीवरच्या दहा-पाच गावांत तिच्यासारखे मांडे कोणी करत नसे. तेलपाण्याचा हात लावून लावून तिचं पीठ इतकं सैल व्हायचं की नवख्या बाईच्या बोटांतून ओघळून गेलं असतं. त्यात पुरण भरायचं आणि तो गोळा या हातावरून त्या हातावर झुलवायचा. झुलता झुलता तो कोपरापर्यंत पसरायचा, आतलं पुरण दिसू लागायचं, आणि बघणाऱ्याला वाटायचं, आता फाटली, तोच पोळी पालथ्या खापरावर अलगद पडलेली असायची.

धनुबाईचं वय बेचाळीसच्या आसपास. नवरा लोटन तळोद्याच्या जिनिंगमध्ये राखणदार, मुलगा धर्मेंद्र तळोदा-नंदुरबार जीप चालवायचा, सून निशा घरात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दोन महिने तर धनुबाईच्या चुलीला विसावा नसे. खापराशी खेळणाऱ्याच्या हातांवर डाग असायचेच. कुठे चटका, कुठे वाफ. तिला त्याचं काही वाटत नसे. म्हणूनच दुखणं आलं तेव्हा ते दुखणं आहे हेच कोणाला कळलं नाही.

तसं बघितलं तर ते दोन वर्षांपासून दारात येऊन उभं होतं. सकाळी बोटं आखडायची, मुठी वळत नसत. गावात चिकुनगुन्याची साथ येऊन गेली होती, तिचंच उरलंसुरलं म्हणून तिनं सोडून दिलं. फणीला केसांचे पुंजके यायला लागले. उन्हातून घरी आली की नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लालबुंद व्हायचे, आणि शेजारची तापीबाई हसून म्हणायची, "धनू, तुले तं आते नव्यानं जवानी चढनी वं!" धनुबाईही हसायची. दिवसभर अंग मोडून आल्यासारखं व्हायचं, संध्याकाळी कणकण वाटायची. पण चार घरच्या पोळ्या करणारीनं दमलेय म्हणायचं तरी कसं?

होळी झाली, लग्नं सुरू झाली, आणि तिच्या हातांवर फोड आले.

पहिला उजव्या मनगटाच्या वर. काचेच्या गोटीएवढा, टणक, आत स्वच्छ पाणी. चटका बसला असेल म्हणून तिनं कोरफडीचा गर लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी आणखी तीन. मग डावा हात. चटका कधी बसला हे तिला आठवत नव्हतं. पण रोज खापरासमोर बसणाऱ्या बाईला कोणकोणता चटका आठवणार? फोड फुटले की खाली कच्ची, लाल कातडी उघडी पडायची आणि पिठाचं तेलपाणी तिथं लागलं की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. तरी तिनं दोन घरची कामं केली. तिसऱ्या घरी यजमानीण तिच्या हातांकडे बघत राहिली आणि तिनं पोळीचं ताट पदराआड सरकवलं. धनुबाईनं ते बघितलं.

मग मानेवर आले, गळ्याखाली आले, पाठीवर आले. तापीबाई म्हणाली, ही नागीण आहे. तिची दोन तोंडं एकमेकांना मिळायच्या आत गेरू लावून घे. एका म्हाताऱ्या बाईनं मंत्र पुटपुटत तिच्या गळ्याभोवती गेरूच्या रेघा ओढल्या. तळोद्याच्या एका डॉक्टरानं भाजल्याचं मलम दिलं, सुया दिल्या. मलमानं थंड वाटलं, एवढंच. रात्री पाठीवर झोपता येईना, कुशीवर झोपता येईना. लोटननं केळीची पानं आणून अंथरली, त्यावर ती पडून राहायची.

एका सकाळी तिनं भाकरीचा तुकडा दुधात बुडवून तोंडात घातला आणि तसाच बाहेर काढला. आरशात जीभ वर करून बघितलं. ओठांच्या आत, टाळूवर, गालाच्या आतल्या बाजूला फोड होते, काही फुटलेले.

निशा चूल सारवत होती. धनुबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "निशा, हातवर खापर लागनं, मानले वाफ लागनी. तोंडमा कोठलं खापर गयं वं?"

निशानं वर बघितलं, आणि तिच्या हातातलं पोतेरं तसंच राहिलं. "आत्या," ती म्हणाली, "हाई भाजेल नही शे."

ते ऐकून धनुबाईला भीती वाटायला हवी होती. भीती वाटलीच; पण तिच्याखाली कुठेतरी एक वेगळीच गोष्ट हलली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपला हात चुकायला लागला. पंचवीस वर्षं ज्या हाताला खापर कळत होतं तो हात म्हातारा झाला, वेंधळा झाला. तसं नव्हतं तर.

जिनिंगमध्ये लोटनबरोबर रूपचंद नावाचा माणूस कामाला होता, नवापूरकडचा. त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात दोघंही वाचली होती. लोटननं त्याला धनुबाईचं सांगितलं तसा तो म्हणाला, "काका, इकडंतिकडं फिरू नका. काकींना सरळ चिंचपाड्याला न्या." लोटन घरी येऊन तेवढंच बोलला, "उद्या चिंचपाडाले जाऊत." त्यानं रजा आधीच टाकली होती.

धर्मेंद्रनं जीपनं नंदुरबारला सोडलं, तिथून दोघं रेल्वेनं गेले. धनुबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला होता, हात आत दडवले होते. तरी समोरच्या बाकावरच्या बाईला काहीतरी दिसलं आणि ती लेकराला घेऊन पलीकडे जाऊन बसली. लोटन मग मुद्दाम धनुबाईला अगदी चिकटून बसला. लग्न झाल्यापासून लोकांदेखत असं तो कधी बसला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, बोलण्यात दूरच्या मुलखाचा हेल, पण मराठी सरळ. त्यांनी फोड बघितले, तोंड बघितलं, आणि मग फोडांबद्दल एक अक्षर न विचारता भलतंच विचारायला सुरुवात केली. सकाळी बोटं आखडतात का? किती वेळ? केस जातात का? उन्हात गेल्यावर चेहऱ्याला काय होतं? लघवीला फेस येतो का? पायांवर सूज?

लोटन गोंधळून म्हणाला, "बाई, आम्ही फोडांसाठी आलो."

"हो ना. हे सगळं एकाच घरातलं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सांधे, केस, गाल, फोड. दार वेगळं, घर एक."

धनुबाईला वाटलं, दोन वर्षं जे जे आपण निमूट सोसलं ते सगळं या बाईनं एका दमात गोळा करून टेबलावर मांडलं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की नक्की तपासावं लागेल, पण त्यांचा संशय ल्युपस नावाच्या आजाराचा आहे. "आपल्या शरीरात राखणदार असतात. बाहेरून रोग आला की त्याला ते अडवतात. ल्युपसमध्ये राखणदाराची ओळख बिघडते; तो घरच्यांवरच काठी उगारतो. कधी सांध्यांवर, कधी कातडीवर, कधी किडनीवर. फोडांचा प्रकार फार थोड्यांना होतो. तुमच्या वरच्या कातडीला खालची कातडी धरून ठेवायला मध्ये एक चिकटा असतो. राखणदारानं त्या चिकट्यालाच धरलंय. चिकटा सुटला की मध्ये पाणी भरतं."

"पोळी फुगती तशी," धनुबाई म्हणाली. "दोन पदर सुटले की वाफ भरती."

"अगदी तशी. तुम्ही पोळ्या करता?"

"मांडे करते."

डॉक्टरीणबाईंनी मांडे कधी बघितले नव्हते. धनुबाईनं पट्टी बांधायच्या आधीच दोन्ही हात हवेत धरून, नसलेला गोळा झुलवून दाखवला. नर्स हसली. लोटनही हसला. किती दिवसांनी त्या दोघांच्या तोंडावर हसू आलं होतं.

रक्त घेतलं, लघवी घेतली. हात बधिर करून कातडीचे दोन इवलेसे तुकडे काढले. एक फोडाच्या कडेचा, दुसरा शेजारच्या धडधाकट कातडीचा.

"चांगलीचा कशाला?" धनुबाईनं विचारलं.

"चोर घर फोडायच्या आधी कुठं दबा धरून बसला होता ते चांगल्या कातडीतच सापडतं."

तुकडे मोठ्या शहरातल्या तपासणीला जाणार होते. तोवर लघवीचा निकाल त्याच दिवशी आला. किडनीला धक्का लागला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून सांगितलं, "ही आजची चांगली बातमी. ही घेऊन घरी जा." सांध्यांसाठी आणि राखणदाराला शांत करायला म्हणून गोळ्या सुरू केल्या. फोडांसाठीची खरी गोळी वेगळी आहे, म्हणाल्या, पण ती देण्याआधी रक्ताची एक तपासणी राहिली आहे.

"काही माणसांच्या रक्तात जन्मापासूनच एक घटक कमी असतो," त्यांनी समजावलं. "आपल्या या भागात अशी माणसं बरीच आहेत. त्यांना एरवी काही त्रास नसतो, पण ही गोळी दिली तर रक्त मोडायला लागतं. तुमच्यात तो घटक पुरेसा असला तरच देईन. नाहीतर दुसरा रस्ता शोधू."

ते वाट बघण्याचे दिवस धनुबाईला फोडांपेक्षा जड गेले. दारात खुर्ची टाकून बसायचं तर ऊन नको, असं सांगितलेलं. चुलीपुढे बसायचं तर निशा उठवायची. आखाजी आली आणि गेली. तिच्या घरात त्या वर्षी निशानं केल्या त्या साध्या पोळ्या, जाड आणि कडेला कच्च्या. सगळ्यांनी त्या आमरसात बुडवून मुकाट्यानं खाल्ल्या. धनुबाई नुसता रस प्यायली, तोही झोंबला.

मग चिंचपाड्याहून फोन आला. लोटननं तो कानाला लावला आणि मग एकेक करून तिला सांगितलं. दोन्ही निकाल आले होते. आजार ल्युपसच, आणि फोड त्याचेच. आणि रक्तातला तो घटक धनुबाईत पुरेपूर होता. गोळी देता येत होती.

गोळी पांढरी, लहानशी. हातावर घेतली तर तुळशीच्या मंजिरीएवढी हलकी. डॉक्टरीणबाईंनी ती हातात देताना एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली, "हिचं नाव डॅप्सोन. ही कुष्ठरोगावरही देतात. तुम्हाला कुष्ठ नाही. तुमचा आजार कोणाला लागत नाही. पण औषध एक आहे म्हणून कोणी काही बोललं तर घाबरायचं नाही. दर आठवड्याला रक्त तपासायला यायचं. धाप लागली, ताप आला, लघवी काळी झाली तर तसंच उठून यायचं."

धनुबाईनं मान हलवली. पण 'कुष्ठ' हा शब्द तिच्या कानात गोमाशीसारखा अडकून बसला.

गोळी सुरू केल्यावर पहिल्या दिवशी काही झालं नाही. त्यानंतरच्या सकाळी निशा तिची पाठ पुसत होती, ती पुसता पुसता थांबली.

"काय व्हयनं वं?" धनुबाईनं विचारलं.

"आत्या, नवा एकबी नही शे."

"नीट दख."

निशानं दोनदा बघितलं, मानेखाली बघितलं, काखेत बघितलं. रोज सकाळी चार-पाच तरी नवे फोड मोजायची त्या घराला सवय झाली होती. आज एकही नव्हता. दोन दिवसांनी जुने सुकायला लागले, त्यांच्या कडा आत ओढल्या गेल्या. आठवड्याच्या आत तोंडातलं सगळं भरून आलं. एका दुपारी धनुबाईनं निशाला न विचारता ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर मिरचीचा ठेचा घेतला, आणि ओट्यावर एकटीच बसून, नाक पुसत पुसत, अख्खी भाकर खाल्ली. त्या रात्री ती पाठीवर झोपली. लोटन सकाळी उठला तेव्हा ती अजून झोपलेलीच होती, तोंड उघडं टाकून, घोरत. त्यानं तिला उठवलं नाही. स्वतः चूल पेटवून चहा ठेवला.

आता सगळं मार्गी लागलं असं वाटलं, आणि तेव्हाच फाटा फुटला. गोळ्या संपत आल्या म्हणून लोटन तळोद्याला औषधाच्या दुकानात गेला. दुकानदारानं चिठ्ठी वाचली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "घरात कोणाला महारोग झालाय का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण लोटनच्या मागे तापीबाई उभी होती, गुडघ्याचं तेल घ्यायला आलेली.

संध्याकाळपर्यंत पिंपळवदला कळलं की धनुबाईला रगतपिती झाली आहे.

कोणी भांडायला आलं नाही. भांडायला आलं असतं तर बरं झालं असतं. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. नळावर तिची कळशी आली की बाकीच्या जरा मागे सरकत. तापीबाईच्या नातीचा साखरपुडा महिन्यावर आला होता आणि मांडे धनुबाईनंच करायचे हे मुलगी जन्मल्यापासून ठरल्यासारखं होतं. तापीबाईचा मुलगा चुनीलाल एक दिवस ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "काकू, यंदा तू आराम कर. आम्ही शहाद्याहून आचारी सांगितलाय." वर चढून तो आला नाही.

तो गेल्यावर धनुबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. गोळीची पट्टी समोर होती. त्या दिवशीची गोळी तिनं घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात काठीचा आवाज आला. गावाच्या शेवटच्या टोकाला, नाल्याच्या काठी भिकुबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. तरुणपणी तिला कुष्ठ झालं होतं. नवऱ्यानं टाकलं, माहेरानं टोकाला एक खोली बांधून दिली. रोग जाऊन तीस वर्षं झाली, उजव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकडी राहिली आणि एका पायाची जाणीव गेली. पण गावानं तिला माफ केलं नव्हतं, काय केलं म्हणून माफ करायचं हेही कोणाला सांगता आलं नसतं. धनुबाई दर आखाजीला तिच्याकडे पोळी पाठवायची. कोणाच्या तरी हाती. स्वतः कधी गेली नव्हती.

भिकुबाई ओट्याची पायरी चढली, उंबऱ्यात थांबली नाही, सरळ आत येऊन धनुबाईच्या शेजारी बसली.

"दखाड," ती म्हणाली.

धनुबाईनं गोळीची पट्टी दाखवली. म्हातारीनं ती उन्हाकडे धरून, डोळे बारीक करून बघितली आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाला बघावं तशी हसली.

"हाईच गोयी. मी दोन वरीस खादी हाई. मरनू का मी?"

म्हातारीनं पट्टी धनुबाईच्या हातात परत दिली.

"तुले रगतपिती शे का?"

"नही. डॉक्टरीणबाई म्हने, नही शे. रगतमा दुसरंच शे."

"मंग कसाले सोडी दिधी? लोके म्हनतस म्हनीसन?" भिकुबाईचा आवाज चढला. "मन्हाबी वक्तले मी दोनदाव सोडी व्हती. लोकेसना लाजखाल. तवयच हाई बोटं वाकडी व्हयनी. लोके धाईसन उनात का ती सरळ कराले?"

तिनं आपला हात धनुबाईच्या मांडीवर ठेवला. धनुबाईनं त्या वाकड्या बोटांकडे बघितलं. मग उठून तिनं तांब्यात पाणी आणलं, गोळी घेतली, आणि त्याच तांब्यातलं उरलेलं पाणी म्हातारीनं मागून घेऊन घटाघटा प्यायलं. निशा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं न सांगता चहा टाकला. तीन कप, सगळे सारखे.

"जेवन करीसन खात जाय. उपाशी पोटे नको," भिकुबाई जाताना सांगून गेली. "आनि व्हट जांभया दिखनात तं भेवू नको. पन डॉक्टरले दखाड."

खरंच चार-पाच दिवसांनी धनुबाईचे ओठ जांभळट दिसायला लागले. लोटन घाबरला, पण ती नाही घाबरली. तिनंच त्याला चिंचपाड्याला फोन लावायला सांगितला. डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, रक्त बघितलं. रक्त थोडं उतरलं होतं, घाबरण्यासारखं नव्हतं. गोळी थोड्या दिवसांपुरती निम्मी केली, पुन्हा बघितलं, पुन्हा पूर्ण केली. दोन दिवस गोळी सोडल्याचं धनुबाईनं कबूल केलं, त्यावर बाई रागावल्या. आणि मग भिकुबाईचं सांगितलं, त्यावर शांत झाल्या. "त्यांना एकदा घेऊन या," म्हणाल्या. "पाय बघायला हवा."

हात स्वच्छ झाले. जिथे फोड होते तिथे आधी तांबूस, मग फिकट डाग उरले. खोल व्रण कुठेच नाही. धनुबाई आता पदराखाली हात लपवत नव्हती. नळावर गेली की बाह्या वर करूनच जायची. कोणी विचारलं तर सांगायची, आणि कोणी नाही विचारलं तरी सांगायची, "गोयी रगतपितीनीच शे. मले रगतपिती नही, पन मन्हा फोडसले तीच लागू पडनी. भिकू माय तिच्यावरच बरी व्हयनी." तीन वाक्यं एका दमात. शेवटचं, भिकुबाईचं, गाळलं असतं तरी तिचं काम झालं असतं. ती गाळत नसे.

साखरपुड्याच्या चार दिवस आधी तापीबाई आली. आधी ओट्यावर बसली, हवापाण्याचं बोलली, शहाद्याच्या आचाऱ्याच्या नावानं बोटं मोडली. तो म्हणे मशीनवर लाटतो. मग जरा जवळ सरकली.

"हात दखाड ना वं धनू."

धनुबाईनं हात पुढे केला. तापीबाईनं आधी एक बोट लावलं, मग तळहातानं मनगटापासून कोपरापर्यंत हात फिरवला, जसा कापड घेताना फिरवतात.

"मी तुन्हं वाईट नही चिंतं," ती खाली बघून म्हणाली. "मी भेवायनू."

"मीबी भेवायनू व्हती," धनुबाई म्हणाली. राग शोधायला गेली तर तो जागेवर नव्हता. अंग बरं झाल्यावर माणसाकडे तेवढा राग उरत नाही.

पण मांडे करायला ती तयार झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी ऊन वर्ज्य सांगितलं होतं, आणि तासन् तास धगीसमोर बसणंही. "निशा करी," ती म्हणाली. "पीठ मी तिंबसू, पुरन मी करसू. खापरवर ती." तापीबाईनं निशाकडे शंकेनं बघितलं. निशानं सासूकडे त्याहून मोठ्या शंकेनं बघितलं.

साखरपुड्याच्या दिवशी उजाडण्याआधीच, गारव्यात, चुनीलालच्या परसात चूल पेटली. धनुबाई भिंतीकडेला सावलीत पाटावर बसली, परात मांडीशी. निशाच्या पहिल्या दोन पोळ्या हातावरच फाटल्या, तिसरी खापरावर पडली ती चुरगळून. "हातले सांगू नको," धनुबाई जागेवरूनच म्हणाली, "पोयीले जावा दे." सातवी की आठवी पोळी निशाच्या कोपरापर्यंत गेली आणि खापरावर गोल पडली, फुगली, तशी परसातल्या बायका ओरडल्याच. धनुबाईचे हात आपोआप उठले होते. तिनं ते परातीत परत घातले आणि पुढचा गोळा काढून दिला. काही मांडे जाड झाले, काही करपले. पाहुण्यांनी सगळे खाल्ले.

दिवाळीनंतर ती भिकुबाईला चिंचपाड्याला घेऊन गेली. म्हातारी आधी तयार नव्हती. आपण कुठल्या गाडीत बसत नाही, म्हणाली. धर्मेंद्रनं तिला उचलूनच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. दवाखान्यात भिकुबाईच्या तळव्याची जुनी जखम बघितली, साफ केली, पट्टी बांधली. जाणीव नसलेल्या पायाला रोज संध्याकाळी कसं तपासायचं, पाण्यात कसा भिजवायचा, ते नर्सनं दाखवलं. पायाच्या मापाची मऊ रबराची चप्पल दिली. धनुबाईचं रक्त चांगलं होतं, लघवी स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी पांढरी गोळी निम्मी केली. "ल्युपस जाणारा नाही, तो तुमच्याबरोबर राहील," त्या म्हणाल्या. "सांध्यांची गोळी चालूच ठेवायची, ऊन टाळायचं. पण फोडांचं औषध हळूहळू उतरवू. बंद होईल असं वाटतंय."

परतीच्या रेल्वेत खिडकीजवळ जागा मिळाली. भिकुबाईनं नव्या चपला काढून मांडीवर घेतल्या होत्या आणि त्यांच्या तळव्याची धूळ बोटानं झटकत बसली होती.

"पायमा घाल वं माय. मांडीवर लेवाले नही दिध्यात त्या."

"खराब व्हतीन."

"व्हवा दे."

खांडबारा मागे पडलं. म्हातारीनं शेवटी एक चप्पल पायात घातली, मग दुसरी, आणि दोन्ही पाय पुढे लांबवून त्यांच्याकडे बघत राहिली. समोरच्या बाकावर एक बाई लेकराला घेऊन बसली होती. ती उठली नाही. लेकरू रांगत पुढे आलं, त्यानं भिकुबाईच्या चपलेचा पट्टा ओढला, आणि भिकुबाई मोठ्यानं हसली. धनुबाईनं नंदुरबार येईपर्यंत डोळे मिटून घेतले. झोप नव्हती आली. नुसतंच बरं वाटत होतं.